उरलेलं औषध

मेंढरांना जंताचं औषध पाजून झालं की कॅनच्या तळाशी उरलेलं आमच्याकडचे धनगर तट्टाला पाजतात. वाया कशाला घालवायचं! मी गुरांचा डॉक्टर, ही रीत मला पुरती ठाऊक. तरी त्या दिवशी सोनपेठच्या अलीकडं एका कळपाला औषधाचा कॅन देताना मी एका शब्दानं बोललो नाही. गाडीला किक मारली अन् निघालो. कसली घाई होती, कुणास ठाऊक. आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी धनगराचा फोन. "सायब, तट्टू झुलायलंय. खालचा ओठ लोंबायलाय त्याचा." जाऊन बघतो तर तट्टू आडवं. सत्तर-ऐंशी मेंढरांचं औषध त्या वासराएवढ्या जिवाच्या पोटात! डोळ्यापुढं हात नेला तरी पापणी हलेना. याला उतारा नाही. सलाईन लावायचं, डोळ्यांत मलम घालायचं, दर दोन तासांनी कूस बदलायची अन् औषध अंगातून उतरायची वाट बघायची. बस्स.

धनगराची बायको तट्टाच्या उशाशी बसून होती. तिचा एक पाय खुब्यातून निकामी. मुक्काम हलला की ती तट्टावर बसायची. ते गेलं तर तिला गावी एकटीला ठेवून कळप पुढं जाणार होता.

"दादा, माझे पायच हायेत ते," ती म्हणाली.

मी बजावलं, "ताई, तोंडानं पाण्याचा थेंबसुद्धा द्यायचा नाही." का, ते सांगितलं नाही. त्याला गिळता येत नाही, पाजलं तर फुप्फुसात जाईल, एवढं बोलायला कितीसा वेळ लागला असता?

तिसऱ्या दिवशी तट्टानं कान हलवले, मान उचलली. मला तर हुरूपच आला. चौथ्या दिवशी गेलो तर नाकातून फेस, छाती घरघरायलेली. शेजारी गुळपाण्याची रिकामी बाटली. दुपारपर्यंत खेळ खलास. चुलीत गेली माझी डॉक्टरकी!

"दादा, औषधानंच गेलं ना?" तिनं विचारलं.

खरं सांगायची माझी छाती झाली नाही. "होय ताई, औषधानंच."

ती तट्टाची आयाळ बोटांनी सारखी करत राहिली. मग म्हणाली, "उपाशी तर न्हाई गेलं ना. काल सांजच्याला माझ्या हातचं गुळपाणी पोटभर पिलं बघा."