फिटरआबांचं थोडंफार

फिटरआबांना बसलेलं मी एकदाच पाहिलं, आणि त्याला कारण मी होतो.

लोणावळ्याला रेल्वेच्या शेडमध्ये ते फिटर होते. पाळी संपली की फलाटाच्या टोकाला येरझाऱ्या सुरू. नोकरीच्या इंटरव्ह्यूची तयारी करायची असेल त्यानं त्यांच्या पावलाला पाऊल जुळवून उत्तरं द्यायची. जरा थबकलं की ओरडायचे, "थांबलास कुटं? सायेब काय पूजेला बसलाय व्हय?"

पुण्याच्या रस्त्याला तेव्हा नवे कारखाने उभे राहत होते. मी आंदर मावळातला. वडगावच्या एका वर्कशॉपमध्ये चार वर्षं घासलेली. हात तयार होता, तोंड नव्हतं. आमच्याकडे दहा माणसांचं काम एकटा उरकणाराही विचारलं तर म्हणणार, "येतं थोडंफार." 'येतं' म्हणणं म्हणजे मिजास. दोन इंटरव्ह्यूंत मी हेच म्हणालो आणि दोन्हीकडून हात हलवत परत आलो. मग आबांना गाठलं.

आबांचं या शब्दाशी वैर होतं. "थोडंफार म्हंजी किती? गिअरचं दोन दात का चार?" शब्द निसटला की फलाटाच्या दुसऱ्या टोकाला पिटाळायचे आणि तिथून ओरडायला लावायचे, "येतं!" शेजारून मालगाडी जात असली तरी ऐकू गेलं पाहिजे. हमाल हसायचे. मी एकाच्या अंगावर धावून गेलो, तर आबांनी दंड धरला. "भोकात आटे पाडताना टॅप कसा फिरवतोस?"

"अर्धा आटा पुढं, पाव आटा मागं."

"का?"

"लोखंडाचा कीस तुटला पाहिजे. नाहीतर टॅप मोडतो."

"मग डोकं बी तसंच फिरव. आन् हे असंच सांग सायबाला. हात करतो ते तोंडानं बोल."

तिसऱ्या इंटरव्ह्यूत मी तसंच बोललो. साहेब खूश झाला. कुणी शिकवलं विचारलं, मी आबांचं नाव सांगितलं. तो पूर्वी रेल्वेतच होता, आबांना ओळखत होता. "कळवतो," म्हणाला.

पुढच्या रविवारी तो लोणावळ्याला फिरायला आला होता. गाडीची वाट पाहताना त्याला आबा दिसले. मी चार हात अंतरावर उभा.

"आबा, हा पोरगा कसा आहे? घेऊ का?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं, मान खाली घातली आणि म्हणाले, "येतं त्याला थोडंफार."

साहेबानं मान डोलावली. जागा दुसऱ्याला गेली.

नकाराचं पत्र घेऊन मी फलाटावर गेलो आणि लोकांदेखत आबांवर तुटून पडलो. ते गोंधळले. "आरं, घरच्या माणसाची तारीफ आपल्याच तोंडानं करायची असती व्हय?"

"मी कधी झालो तुमच्या घरचा?"

आबांच्या येरझाऱ्या थांबल्या. बाकाची कड चाचपत ते खाली बसले. मी पाठ फिरवली ती कायमची. ते निवृत्त झाल्याचं ऐकलं, वारल्याचंही ऐकलं. गेलो नाही.

मग मी स्वतःचं वर्कशॉप काढलं. भाव ठरवताना मला हरवणारा माणूस अजून भेटायचा आहे. 'येतं' म्हणायला मी कधी लाजलो नाही.

परवा एका कारखान्याचा साहेब काम बघायला आला. माझा सर्वांत जुना कारागीर पांडुरंग लेथवर होता. साहेबानं विचारलं, "हा कसा आहे? अवघड काम जमेल?"

"येतं त्याला थोडंफार," मी म्हणालो.

पांडुरंगानं लेथ बंद केला. माझ्याकडे पाहिलं नाही, चिंधीनं हात पुसत राहिला.

"नाही साहेब," मी म्हणालो, मालगाडीच्या खडखडाटातही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. "येतं. त्याला सगळं येतं."

पाव आटा मागं. आबांनाही एवढंच करायचं राहिलं होतं.