पालखीच्या खांद्याला साबुदाणा चालत नाही

धारच्या आमच्या दत्तमंदिरात पालखीचा पुढचा उजवा खांदा आमच्या घराण्याचा. दत्तजयंतीला मंदिरापासून तळ्यापर्यंत जायचं आणि परत यायचं, मध्ये कुठेही टेकवायची नाही. इतकी वर्षं हा मान बाबांकडे होता. यंदा त्यांचा गुडघा बदलला आणि मान माझ्याकडे आला. मी देवासला कारखान्यात खुर्चीवर बसणारा, वय एकेचाळीस, पोट पुढे आणि खांदे मागे. बाबांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि शांतपणे म्हणाले, "नाही जमलं तर सांग. मी उचलीन."

ते खरंच उचलतील, त्या नव्या गुडघ्यावर, हे मी ओळखून होतो. पाच महिने हातात होते. दुसऱ्याच दिवशी मी जिम गाठली.

ताकद वाढवायची होती, पण पोट नाही, कारण मंदिरामागच्या बोळात पालखी वळते तिथे दांडा आणि भिंत यांच्यात सडपातळ माणूसच मावतो. मोबाईलवर दोन व्हिडिओ पाहून मी पोळी, भात, पोहे सगळंच सोडलं. आठवड्याभरात घरादारावर खेकसू लागलो. एका सकाळी आडवं पडून उचलायचा वजनाचा बार छातीवर आला तो वर जाईचना. ट्रेनरने धावत येऊन उचलला.

"भिया, खाया क्या था?"

"दो अंडे."

"बस? तो जोर कां से आएगा? रोटी छोड़ना नी है, ढंग की खाना है."

त्याने सांगितलं ते साधंच होतं. मैदा, साखर, जिलेबी बंद. दलिया, ज्वारीची भाकरी, उकडलेले हरभरे, असं सावकाश पचणारं खायचं, आणि त्यातलं जास्त व्यायामाच्या आगेमागे. पोहे चालतील, पण शेव चिमूटभर आणि वर मोड आलेली मटकी. मी मटकीचा डबा काढला तेव्हा पोहेवाल्याने माझ्याकडे पाहिलं, आजारी माणसाकडे पाहावं तसं.

खांदे भरू लागले, पोट मात्र हलेना. ट्रेनर म्हणाला, जे खाल ते लिहून आणा. आई-बाबा तेव्हा आमच्याकडेच होते, आणि पालखी उचलणाऱ्याने दर गुरुवारी उपास करायचा हा आईचा नियम. मी इमानदारीत लिहिलं: साबुदाण्याची खिचडी दोन बशा, बटाट्याचा कीस, शिकरण, संध्याकाळी साबुदाणावडे.

ट्रेनरने कागद दोनदा वाचला. "ये उपवास है?"

घरी भीतभीतच विषय काढला. आई रागावेल असं वाटलं होतं. ती रागावलीच, पण माझ्यावर. "उपासाला थोडकं खावं. तूच पातेलं खरवडत होतास, मला वाटायचं, पोराला भूक लागते." पुढच्या गुरुवारी पानात उकडलेलं रताळं, राजगिऱ्याची भाकरी आणि वाटीभर दही आलं. वड्यांची मला फार आठवण आली, हे कबूल करतो. पण महिन्याभरात पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं.

दत्तजयंतीला संध्याकाळी पालखी खांद्यावर आली. बाबा माझ्या शेजारून चालत होते, एक हात दांड्याखाली धरून. बोळात मी श्वास आत घेतला आणि भिंतीला न घासता वळलो. मग तळ्यावरून परतीचा चढ लागला. खांदा पेटला, आणि मला वाटलं, आता बाबा खांदा देणार.

त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं; पाऊल कुठे चुकत नव्हतं. मग दांड्याखालचा हात काढला आणि ते पुढे जाऊन गर्दी बाजूला करू लागले, "चलो भिया, जगह दो, पालखी आ री है."

मंदिर येईपर्यंत त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. मला इतका आनंद झाला की रडूच आलं, आणि दोन्ही हात दांड्यावर असल्यामुळे डोळेही पुसता आले नाहीत.