माळकरी घरातलं पोवळं

लग्न होऊन नागपुरात आले, त्या पहिल्याच दिवशी मी सासूबाईंना सांगून टाकलं, "या घरात मी मासळी खाणार नाही." कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. सासूबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ होती, त्यांच्या स्वयंपाकघरात कांदा-लसणालाही जागा नव्हती, आणि मालवणकडची ही पोरगी इथं कशी टिकणार, हा प्रश्न जमलेल्या बायकांच्या तोंडावर सरळ वाचता येत होता. मला कुणी असं जोखलेलं खपत नाही. तोंडातून गेलं ते गेलं. सासूबाई "बरं" म्हणाल्या आणि मला पाटावर बसवलं.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. माझे यजमान कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे, मी शाळेत मराठी. रामदासपेठेत मागे छोटं अंगण असलेलं दोन खोल्यांचं बिऱ्हाड होतं आणि घरात आम्ही तिघंच. सासूबाई काटोलकडच्या शेतकरी घरातल्या. बोलायला फटकळ, पण मायाळू. मला तिथं कसलाही जाच नव्हता. फक्त जिभेचे हाल होते. दुसऱ्या वर्षी तर वर्गात "समुद्र" शब्द आला तरी तोंडाला पाणी सुटायचं. पण शब्द माझाच होता, तो गिळायचा कसा?

त्या वर्षी डिसेंबरात लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी गेलो. मी पोटभर कोलंबी खाल्ली आणि यजमान पोटभर खडक हिंडले. ओहोटीला एका खडकाच्या पोटाखाली, सावलीत, त्यांना नारिंगी रंगाचं पोवळं दिसलं. लहानपणी मी ते शंभरदा पाहिलं असेल, पण त्याला नाव असेल असं कधी वाटलं नव्हतं. यजमानांनी छिन्नीनं मूठभर दगडासकट ते सोडवलं, दुधाच्या कॅनमध्ये समुद्राचं पाणी घेतलं, आणि एस. टी., मग रेल्वे असं करत आम्ही ते नागपूरपर्यंत आणलं. वाटेत मी झोपले, ते झोपले नाहीत. सायकलच्या पंपानं पाण्यात हवा सोडत बसले होते.

सासूबाईंनी पोवळं अंगठीत बघितलेलं. त्यांना वाटलं, दागिना आला. संध्याकाळी काचेच्या टाकीत त्या दगडावरची तोंडं एकेक करून उघडली, प्रत्येकाभोवती पिवळसर नारिंगी पाकळ्या पसरल्या, तेव्हा त्या पदर सावरत खालीच बसल्या.

"अवं माय! हे त आमच्या काटोलच्या संत्र्यावानी हाये. अन् जितं हाये?"

"जितं आहे. आणि याला खायला लागतं," यजमान म्हणाले. "काही पोवळी झाडासारखी उन्हावर जगतात. हे त्यातलं नाही. याला भरवावं लागतं."

"काय खाते थे?"

यजमान माझ्याकडे बघू लागले. मी छताकडे बघितलं. शेवटी त्यांनी सांगितलं, "झिंगे." आमच्याकडच्या कोलंबीला नागपुरात झिंगे म्हणतात.

सासूबाईंनी गळ्यातली माळ चाचपली. मग म्हणाल्या, "देवानं त्याले जे तोंड देल्लं, थे त्याचंच खाईन. त्याच्यावर काय जबरदस्ती? पण स्वयंपाकघरात नाही. मागच्या अंगणात."

असं त्या माळकरी घरात पोवळ्यासाठी झिंगे येऊ लागले. यजमान ते मागच्या बोळातून आणत. भरवायचं काम माझ्याकडे आलं, कारण यजमानांना कोलंबी सोलता येत नव्हती. अंगणात माझी वेगळी सुरी, वेगळा पाट, वेगळा वाडगा. आधी सोललेली कोलंबी थोड्या खाऱ्या पाण्यात खळबळून ते पाणी टाकीत सोडायचं. वास लागला की अर्ध्या तासात तोंडं उघडतात. मग दगड अलगद वाडग्यात घ्यायचा, म्हणजे टाकीतलं पाणी नासत नाही, आणि खराट्याच्या काडीनं प्रत्येक तोंडाशी बारीक तुकडा धरायचा. प्रत्येकाला वेगळं भरवावं लागतं. शेजाऱ्यानं खाल्लं म्हणून याचं पोट भरत नाही. पाकळ्या हळूहळू मिटत, तुकडा आत जाई, आणि मी पुढच्याकडे वळे. लहान मुलाला भरवताना आपलंही तोंड उघडतं ना, तसं माझं उघडायचं. माझ्या तोंडात काही पडत नव्हतं, एवढाच फरक.

उरलेले झिंगे अंगणात येणाऱ्या बोक्याला. हात धुवायची मात्र मला कधी घाई नसे.

सासूबाई उंबऱ्यात बसून हे सगळं बघायच्या. वास आला की नाकाला पदर, पण जागा सोडायच्या नाहीत. "थ्या कोपऱ्यातल्याले नाही भेटलं वं," असं तिथून सांगायच्या. त्या त्यांना पोरं म्हणू लागल्या. समुद्राचं पाणी शेजारचे रेल्वेतले गार्डसाहेब आणवायचे. मुंबईहून निघालेला डबा एका गार्डाच्या हातून दुसऱ्याच्या हाती असा येई. आम्ही तो फडक्यातून गाळून मोरीशेजारी ठेवायचो. पाणी आलं की सासूबाई गार्डसाहेबांना चहा पाजल्याशिवाय सोडत नसत.

मग मे महिना आला आणि यजमानांना महिनाभरासाठी मुंबईला प्राध्यापकांच्या प्रशिक्षण वर्गाला जावं लागलं. समुद्राकाठी जाऊन वरणभात खाणाऱ्या माणसाचा मला फार राग आला. जाताना ते एवढंच म्हणाले, "सांभाळ गं. नागपूरच्या उन्हात ते टिकलेलं मी अजून ऐकलं नाही."

आता हे ऐकल्यावर मी ते मरू देणार होते थोडीच! टाकी कूलरच्या तोंडाशी आणली. ती जागा सासूबाईंच्या खाटेची होती. खाट त्यांनी स्वतःच ओढून भिंतीला लावली आणि हातपंखा घेतला. दुपारी बर्फ भरलेली बाटली पाण्यात तरंगत ठेवायची. वीज गेली की हवेचा पंप बंद पडे, तेव्हा स्कूटरच्या ट्यूबमध्ये हवा भरून ती नळीनं हळूहळू सोडायची. शाळेला सुटी होती, माझा दिवस त्यातच जाई.

एकादशीला झिंगे आणायचे नाहीत हे ठरलेलंच होतं. एक दिवस उपास पडला तर पोवळ्याचं काही बिघडत नाही. मेमधल्या अशाच एका एकादशीला मी बर्फ आणायला गेले आणि दुकानावर गर्दी होती म्हणून उशीर झाला. परत आले तर सासूबाई टाकीसमोर बसलेल्या, हातात काडी, चेहरा उजळलेला. तोंडं उघडली होती आणि त्या प्रत्येकाला शिजवलेला साबुदाणा भरवत होत्या.

"पाह्य वं, खाऊन राहिले! म्हटलं, एकादशी हाये त उपासाचं देऊ."

त्या तोंडांनी साबुदाणा खरंच गिळला होता. मला हसावं की रडावं कळेना. थोड्या वेळानं एकेका तोंडातून साबुदाण्याचे दाणे चिकट लाळेत गुंडाळून बाहेर आले. सकाळी पाणी दुधासारखं पांढरं, वर फेस, आणि पोवळं घट्ट मिटलेलं. त्याचा रंग गेल्यासारखा वाटत होता.

मी सासूबाईंवर ओरडले. लग्नानंतर पहिल्यांदा. "तुम्हाला कुणी सांगितलं होतं? ते साबुदाणा खातं का? एक दिवस उपाशी राहिलं असतं तर काय झालं असतं?"

त्या बोटांत माळ धरून उभ्या होत्या. "तोंड उघडं होतं, बाई," त्या म्हणाल्या. "उपाशी पाहवलं नाही मले."

मी अंगणात जाऊन बसले.

साठवलेलं होतं नव्हतं तेवढं समुद्राचं पाणी त्याच दिवशी बदललं. ते पुरणार नव्हतं. गार्डसाहेबांनी मुंबईला निरोप धाडला. डबे येईपर्यंतचे दिवस आम्ही दोघी एकमेकींशी कामापुरतं बोललो. सासूबाई उठल्या की आधी टाकीपाशी जायच्या, वाकून बघायच्या आणि मागे फिरायच्या. जेवणावरही त्यांचं लक्ष नव्हतं. मी रोज कोलंबीचं पाणी सोडून बघत होते. एकही तोंड हलत नव्हतं. मला वाटायचं, माझ्या गावचं एवढंच काय ते या घरात होतं, आणि तेही चाललं. असं वाटून मी एकदा खरोखरच रडले. ते सासूबाईंनी पाहिलं की नाही, मला तेव्हा कळलं नाही.

डबे आले. यजमानांनी ते स्वतः भरून पाठवले होते. संपूर्ण टाकी धुऊन नवं पाणी भरलं, दगडावरचा मेलेला चिकटा मऊ ब्रशनं काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाजाराला निघाले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "आज जरा जास्त आण झिंगे."

"उघडलेलं नाही ते, आई."

"आण म्हटलं न."

मी आणले. संध्याकाळी वासाचं पाणी सोडलं आणि दोघी टाकीसमोर बसलो. कूलर खडखडत होता. बराच वेळ काही झालं नाही. मग कोपऱ्यातलं एक तोंड जरासं फुगलं. त्यातून दोन पाकळ्या बाहेर आल्या, मग आणखी. सासूबाईंनी माझा हात घट्ट धरला. अर्ध्याहून जास्त तोंडं उघडली. काही कधीच उघडली नाहीत.

"मी भरवू?" त्यांनी विचारलं.

ज्या बाईनं जन्मात मासळीला बोट लावलं नव्हतं, तिनं काडीच्या टोकाला झिंग्याचा तुकडा घेतला. नाकावर पदर, डोळे पाणावलेले. पण एकालाही चुकवलं नाही. "घे, बाबू. घे. आता नाही देणार मी साबुदाणा," असं प्रत्येकाला सांगत होत्या. मला त्यांच्याबद्दल इतकी माया दाटून आली की मी नुसती वाडगा धरून बसले.

ते पोवळं पुढं किती जगलं, असं लोक विचारतात. पुढचा उन्हाळा त्याला झेपला नाही. तेव्हाही आम्ही दोघी रडलो. पण मला सांगायचं आहे ते त्याच संध्याकाळचं.

दगड टाकीत ठेवून मी उरलेले झिंगे बोक्याला घालायला अंगणात गेले. बरेच उरले होते. तिथं वातीचा स्टोव्ह मांडलेला. त्यावर जुनी जर्मनची कढई, शेजारी तेल, हळद, तिखट, माझ्या माहेरच्या आमसुलांची पुडी, आणि शेजारणीकडून मागून आणलेला लसूण. मी वळून बघितलं. सासूबाई दारात उभ्या होत्या.

"कर," त्या म्हणाल्या.

"काय, आई?"

"झिंगे चिरतं अन् मंग हात हुंगत बसतं तू. मले दिसत नाही का? पोरायले भरवतं अन् स्वतः काहून उपाशी राहतं वं?"

"मी शब्द दिला होता तुम्हाला."

"म्या मांगितला होता का? माळ माह्या गळ्यात हाये. तुह्या नाही."

मी केलं. माझ्या आईसारखं झालं नाही, तिखट जास्त पडलं, आणि घाईत निम्मं तेल बाहेर उडालं. पानावर घेऊन अंगणातच पाट मांडला. सासूबाई घरात गेल्या नाहीत. बाईमाणसानं एकटीनं जेवू नये, असं त्या नेहमी म्हणायच्या. त्या उंबऱ्यात बसल्या, माझ्याकडे पाठ करून, नाकातोंडावर पदर गच्च आवळून. वासानं त्यांना उमासे येत होते, ते पाठीवरून कळत होतं. तरी त्या उठल्या नाहीत.

मी पहिला घास घेतला आणि मला हुंदका फुटला. तो त्यांनी ऐकला. मागं न वळता पदरातूनच म्हणाल्या,

"सावकाश खाजो वं. काटे असतीन."

कोलंबीला काटे नसतात. मी त्यांना ते सांगितलं नाही. "हो, आई," म्हटलं, आणि सावकाश खाल्लं.