चोरखमाऱ्याच्या पुढे, अडई बघायला

काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही, उरलेली किती टिकेल ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना बाबांनी माझा दंड घट्ट धरला होता. "पोरी, तलावावर जाऊ. पाखरं आली असतील आता." मी तिथूनच ऑफिसला फोन करून रजा सांगितली.

बाबांचं गाव तिरोडा तालुक्यातलं. लहानपणी सुट्टीत गेलो की ते मला सायकलच्या दांडीवर बसवून तलावावर न्यायचे, आणि पक्ष्यांऐवजी पाणी बघायला लावायचे. टिबुकली बुडी मारते तिथे गोल तरंग उठतो. ती वर कुठे येईल ते ओळखायचं. अडई, म्हणजे सतत शिट्टी वाजवणारं ते तपकिरी बदक, पोहताना मागे दोन लांब रेघा सोडते. माझा अंदाज हमखास चुकायचा आणि बाबा खो खो हसायचे. आता त्यांना माणसांचे चेहरे कळत नाहीत. उजेडात काही हललं, तर तेवढं कळतं.

तुम्हाला जायचं असेल तर नागपूरहून गोंदियाकडे जाणारी सकाळची गाडी धरा आणि तिरोड्याला उतरा. पुढे तलावावर काही मिळत नाही, तेव्हा आलूबोंडा-तर्री स्टेशनबाहेरच हाणून घ्या. ऑटो दिवसभरासाठी ठरवा आणि थांबण्याचे पैसे आधीच बोलून ठेवा, नाहीतर परतताना कटकट होते. आमचा ऑटोवाला गप्पिष्ट निघाला.

"पाखरं देखने इतनी दूर? हमारे यहां तो कोई पूछता नहीं, मॅडम."

"रोज दिसून राहिले म्हनून विचारत नाई तू," बाबा मागून म्हणाले. तो हसला. मला हसू आलं नाही.

धानाची कापणी आटपत आलेली. दोन्ही बाजूंना रिकामी शेतं, मधे मधे कापलेल्या धानाचे रचलेले पुंजणे, आणि आभाळ सकाळपासून मळकट. चोरखमारा तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, चढलो तेव्हा वारा अंगाला झोंबत होता. पाणी अफाट, आणि पक्षी पार पलीकडच्या काठाला. दुर्बिणीतून मला बदकांचा मोठा थवा दिसला. बाबांनी दुर्बीण डोळ्याला लावली, फिरवली, पुसली, पुन्हा लावली.

"सारं पांढरं दिसून राहिलं," म्हणाले आणि दुर्बीण माझ्या हातात दिली. मला फार वाईट वाटलं. इतक्या लांब आणून त्यांना हेच दाखवायचं होतं का?

मग ते स्वतःच म्हणाले, "लहान तलाव पाह्यजे. पाखरं कडेले येतात तिथं. आपल्या गावच्या तलावावर चल."

गावचा तलाव आता शिंगाड्याच्या वेलीने झाकून गेलाय. बाबांच्या वेळी तिथे शिंगाडे लावत नसत, नुसती मासेमारी चालायची. बाबांना पाळीवरच्या दगडावर बसवून मी पुढे गेले. एक माणूस पत्र्याचा डबा बडवत होता, आणि त्याची बायको फुगवलेल्या ट्यूबवर बसून वेलीतून शिंगाडे तोडत होती.

"पाखरं नाहीत का इथे?" मी विचारलं.

"कायले राहू देऊ जी? सिंगाडे खाऊन टाकतात. त्यासाठीच तं डबा वाजवून राहिलो."

माझा चेहरा पडला असणार. दगडावर बसलेल्या बाबांकडे बोट दाखवून मी त्याला सगळं सांगितलं. त्याने डबा खाली ठेवला.

मी परत येऊन बाबांशेजारी बसले. वेलीमधल्या मोकळ्या पाण्यातून ती बाई ट्यूब हाताने वल्हवत पलीकडे निघाली. मागे दोन लांब रेघा उमटल्या. बाबा ताठ झाले.

"आली! अडई होय का?"

"हो बाबा," मी म्हणाले. "अडईच. जोडी आहे."

बाईने ते ऐकलं. तिने माझ्याकडे पाहिलं, मग शिंगाडे तोडायचे सोडून ट्यूब वळवली आणि आमच्या समोरून पुन्हा एकदा हळूहळू गेली. तरंग पाळीच्या दगडांपर्यंत आले. बाबा ते संपेपर्यंत बघत राहिले.

"मोठी हाय," एवढंच म्हणाले.

निघताना बाईने उकडलेले शिंगाडे पानात बांधून दिले. परतीच्या गाडीत बाबा लगेच झोपले, आणि मी स्वतःवर जरा खूशच होते.

दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरात शिंगाडे सोलत असताना बाबा बाहेर त्यांच्या गावाकडच्या मित्राशी फोनवर बोलत होते. त्यांच्या मते ते हळू बोलत होते.

"अडई? नाई गा. अडई आहे आन् शिट्टी नाई, असं कधी होते का? सिंगाडेवाली होती कोनीतरी. पोरगी इतक्या मायेनं दाखवून राहिली, मंग मी बी पाह्यलं."

हातातला शिंगाडा तसाच राहिला.

तेव्हा तुम्ही गेलात, आणि सोबतच्या माणसाला दिसत नसेल, तर जे असेल तेच सांगा. ट्यूबवर बसलेली बाई, तिचे ओले हात, पाळीवर गप्प ठेवलेला डबा. बाबांनी त्यांच्या गावचा तलाव शेवटचा पाहिला, आणि मी त्यांना त्यातलं काहीच सांगितलं नाही.