आजोबांच्या डोक्यातलं धुराडं

बाळांनो, शाळेच्या फलकावर ‘गाव तेव्हा आणि आता’ म्हणून लावायला तुम्ही आमचा भिंतीवरचा लग्नानंतरचा फोटो मोबाईलवर मागवून घेतलात. अजून चिकटवला नसेल तर थांबा. आधी हे वाचा.

फोटो तुम्ही पाहिलाच आहे. डावीकडे कडुलिंबाचं कोवळं झाड, शेजारी रस्त्याच्या कडेला अवघडून उभे आम्ही दोघं, आणि आजोबांच्या थेट डोक्यातून वर गेलेलं गिरणीचं धुराडं. धूरही निघतो आहे. जावई तापट डोक्याचे आहेत असा माझ्या माहेरी जो समज झाला, तो या फोटोमुळेच.

पुढे गिरणी बंद पडली, धुराडंही पाडलं. ते लिंबाच्या डावीकडे होतं, असं मी म्हणत आले. आजोबा म्हणायचे, उजवीकडे. आणि भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवायचे. फोटोत ते उजवीकडेच होतं. छापील पुराव्यापुढे मी काय बोलणार?

तुम्हाला ‘आता’चा फोटो पाठवायचा ठरला, तेव्हा मी म्हटलं, एकदा जागेवरच सोक्षमोक्ष लावू. जो हरेल त्यानं इथून पुढे रोज सकाळचा चहा करायचा. आजोबा लगेच कबूल झाले. तोवर तो मीच करत होते ना!

रविवारी सकाळी फोटो चौकटीसकट पिशवीत घालून आम्ही निघालो. लिंबाच्या उजवीकडे आता पंक्चरचं दुकान आहे. आजोबा सरळ जुन्या टायरांच्या ढिगापुढे जाऊन उभे राहिले.

दुकानदार बाहेर आला. “काय झालं आजोबा? गाडी कुटंय?”

“गाडी नाही. धुराडं कुठे होतं ते बघतोय.”

तो हळूच माझ्याकडे वळला. “आजी, त्यांना सावलीत बसवा की. ऊन लई हाय.”

मी सगळा प्रकार त्याला सांगितला आणि फोन त्याच्या हातात दिला. नवा फोटो जुन्याशी तंतोतंत जुळला पाहिजे, हा माझा हट्ट. आजोबा चौकट हातात धरून हुकूम सोडू लागले.

“मान जरा खाली घाल. तेव्हा लाजत होतीस.”

“तेव्हा तसं कारण होतं.”

“पदर उजव्या खांद्यावर घे.”

“उजव्या? अहो, मी जन्मात कधी उजव्या खांद्यावर पदर घेतला नाही.”

“फोटोत घेतलायस.”

मी चष्मा पुसून पाहिलं. खरंच, पदर उजव्या खांद्यावर. “आणि तुमचं घड्याळ उजव्या मनगटावर कसं हो?”

आजोबांनी चौकट जवळ धरली, लांब धरली, फिरवून मागचा पुठ्ठासुद्धा पाहिला.

“फोटोग्राफर नावाजलेला होता,” ते पुटपुटले.

“असेल. पण छापताना निगेटिव्ह त्यानं पालथी घातली, डाव्याचं उजवं झालं.”

“बघा की,” दुकानदार म्हणाला, “भिंतीवर लावून रोज बघलालाव, आन् कुणाच्याच ध्यानात न्हाय!”

दर शनिवारी तो फोटो मीच पुसते. म्हणून मी पुन्हा चष्मा पुसायला घेतला.

आम्ही लिंबाच्या डावीकडे जाऊन उभे राहिलो. दुकानदारानं फोन डोळ्यांपुढे धरला आणि हसायलाच लागला. गिरणीच्या जागी आता इमारती आहेत. त्यातल्या एका गच्चीवरचा मोबाईलचा टॉवर बरोबर आजोबांच्या डोक्यातून वर निघत होता.

तो फोटो सोबत पाठवते आहे. जुना मात्र डावं-उजवं बदलून पुन्हा छापून घ्या, मगच लावा. नाहीतर तुमच्या बाई तुम्हालाच चुकीचं ठरवतील.

सकाळचा चहा आता आजोबा करतात. आलं विसरतात, साखर दोनदा घालतात. मी तो पिते.

गिरणी नाही, धुराडं नाही, फोटोग्राफरचं दुकानही राहिलं नाही. लिंब आहे, आणि त्याच्या डाव्या बाजूला दोघांना उभं राहण्यापुरती जागा अजून आहे.