चष्मा काढणारे काका

लेकीची बास्केटबॉलची मॅच असली की आमच्या बॉटनी उपनगरातल्या जिममध्ये ते काका हमखास शेजारी येऊन बसायचे. पायात इथे जँडल्स म्हणतात त्या रबरी चपला, मांडीवर चिवड्याचा डबा. त्यांच्या घरचं कुणीच खेळत नव्हतं. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. आमच्या पोरींचा फ्री थ्रो आला की त्यांना बघवायचं नाही, चष्मा काढून ते मलाच विचारायचे, "गेला का?"

लेकीच्या कॉलेजनं, म्हणजे इथल्या हायस्कूलनं, लागोपाठ तीन वर्षं कप आणला होता. "आजवरची सगळ्यांत थोर टीम!" मी एकदा छाती फुगवून म्हणालो.

काकांनी डबा पुढे केला. "जिंकणारी आहे हो. थोर कधी? तिला हरवून समोरच्यांना आनंदानं रडू येईल, तेव्हा."

मला रागच आला. चिवडा मात्र खाल्ला.

यंदाच्या फायनलला आम्ही एका गुणानं मागे होतो आणि शेवटचा फ्री थ्रो माझ्या लेकीचा होता. काकांनी चष्मा काढला. "गेला का?"

"नाही, काका. हरलो."

समोरच्या पोरी एकमेकींच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडत होत्या. काकांनी चष्मा चढवला, त्यांच्याकडे डोळे भरून पाहिलं आणि माझा हात हातात घेतला.

"अभिनंदन," ते म्हणाले.