टेकडीला अनुमोदक मिळतो

आर्डिस क्वाम निवडून आली ती टोपीतून. चौथ्या प्रभागात तिला आणि जुने नगरसेवक लाइल ब्रँडवोल्ड यांना सारखीच मतं पडली, एक हजार चारशे सहा. दोनदा मोजली तरी तेवढीच. आमच्या राज्यात अशा वेळी चिठ्ठ्या टाकतात. मी ऑर्डवे फॉल्सच्या नगर कौन्सिलची चिटणीस, त्यामुळे चिठ्ठ्या मीच लिहिल्या. महापौर थिया पेट्राकिस यांनी आपल्या लोकरी टोपीत हात घातला आणि आर्डिसचं नाव निघालं. लाइल उठून तिच्याशी हात मिळवत म्हणाले, "सुटलो बाई! आता रस्त्यातल्या खड्ड्यांचे फोन तुला."

आर्डिस तेव्हा सदुसष्ट वर्षांची होती. एकतीस वर्षं शाळेची बस चालवलेली, आवाज मागच्या बाकापर्यंत पोचणारा. अर्ध्या शहराला तिने कधी ना कधी "खाली बस!" म्हणून दटावलेलं. नवरा गेल्यावर घरात बसून काय करायचं, म्हणून ती सभांना येऊ लागली. नागरिकांना बोलायला तीन मिनिटं मिळतात. तिचा विषय एकच, हॅझेल पार्कची टेकडी. बर्फ पडला की तिथे पिढ्यान्‌पिढ्या पोरं घसरगाडीवरून घसरायची. एका माणसाचा पाय झाडावर आपटून मोडला आणि कौन्सिलने तिथे कुंपण घातलं. दोन हिवाळे आर्डिस तीन-तीन मिनिटं बोलली. कौन्सिल मान डोलवून पुढच्या विषयाकडे वळायचं. मग तिने निवडणुकीचा अर्ज भरला.

जानेवारीतल्या पहिल्याच सभेत तिने ठराव मांडला : कुंपण काढा.

"अनुमोदक?" महापौरांनी विचारलं.

बाकीचे सहाही नगरसेवक समोरचे कागद चाळत बसले.

"अनुमोदक नाही. ठराव पडला."

"पडला म्हणजे? चर्चा?" आर्डिस माझ्याकडे वळली.

"अनुमोदन नसेल तर चर्चाही नाही, बाई," मी म्हटलं. "पुढच्या सभेत पुन्हा मांडता येईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या टेबलाशी हजर. रूबार्बच्या आंबट देठांच्या वड्यांचा डबा पुढे सरकवत म्हणाली, "सगळ्यांना एकदा टेकडीवर नेते. डोळ्यांनी बघू देत."

"नेऊ नका! चार नगरसेवक एकत्र जमून कामाचं बोलले तर कायद्याने ती सभाच होते. आधी नोटीस लावावी लागेल."

"तीन जमले तर?"

"तीन चालतात."

"मग मी आणि दोघं. तीन फेऱ्या," ती म्हणाली. "फेऱ्या मारण्यात माझा हात कोण धरणार?"

शेवटच्या फेरीत रोलंड ड्युप्री होते. त्यांचा अंत्यविधीचा व्यवसाय. माणूस अतिशय जपून बोलणारा, काळा कोट कधी न उतरवणारा. आर्डिसने घरून आणलेली घसरगाडी कुंपणापलीकडे ठेवली.

"रोलंड, बस."

"आर्डिसबाई, मला पाहणी करायचीय, घसरायचं नाही."

"दुसरीत असताना रोज बसमध्ये टेकडीच्याच गोष्टी सांगायचास. बस म्हणते ना!"

रोलंड बसले. काळा कोट मागे फडफडवत ते थेट ओढ्याकाठच्या झुडपात गेले. सोबतचा नगरसेवक धावला, तर हे झुडपात बसून डोळे पुसत हसत होते. वर आल्यावर मात्र गंभीरपणे म्हणाले, "झाडांभोवती पेंढ्याचे गठ्ठे लावा. आणि 'आपापल्या जबाबदारीवर' अशी पाटी. ठरावात एवढं घाला, मग बोलू."

आर्डिसने घातलं. शहराच्या वकिलाकडून एकेक शब्द तपासून घेतला. फेब्रुवारीच्या सभेत महापौरांनी पुन्हा "अनुमोदक?" विचारलं, तेव्हा रोलंडनी घसा खाकरला, "मी." मग पाऊण तास चर्चा झाली. लोक रांगेत उभं राहून बोलले, त्यातल्या एका आजीबाईंना तर तीन मिनिटांनंतर थांबवताना माझ्या नाकी नऊ आले. मतदान झालं : चार बाजूने, तीन विरोधात. आर्डिसने माझ्याकडे बघून विचारलं, "आता काही राहिलं का गं?" मी म्हटलं, "काही नाही. मंजूर झाला." ती चष्मा काढून पुसायला लागली.

शनिवारी कुंपण निघालं. पहिली गाडी तिचीच असा लोकांनी हट्ट धरला. ती ओरडत खाली गेली आणि गठ्ठ्यात अडकली. केसांतला पेंढा अजून निघाला नव्हता, तोच एक गृहस्थ जवळ आले. "बाई, आमच्या फुल्टन रस्त्यावरचा दिवा महिनाभर बंद आहे हो."

"खांबाचा नंबर सांगा," म्हणत आर्डिसने हातमोजा काढला आणि खिशात पेन्सिल शोधू लागली.